मंडळाचा जनरेटर फक्त चोकवर चालतोय. कार्बोरेटर घरी उघडावा का?

विन्या_विक्रोळी | २० ऑगस्ट, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. गणपतीला पंचवीस दिवस उरलेत आणि आमच्या सोसायटीच्या मंडळाचा जनरेटर रुसलाय.

दोन केव्हीएचा, पेट्रोलवरचा, एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारा. गेल्या अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या ट्रॉलीवरून उतरवला तो थेट जिन्याखाली, मीटरच्या कपाटाशेजारी ठेवला. टाकीत निम्मं पेट्रोल तसंच होतं. गेल्या महिन्यात पोरांनी हौसेनं टाकी घासून शेंदरी ऑइलपेंट मारला, वर मंडळाचं नाव लिहिलं. दिसायला देखणा झाला, पण सुरू काही होईना.

पूर्ण चोक ओढून वीस-पंचवीस वेळा दोरी मारली की लागतो. मग आवाज सारखा वर-खाली होतो, घूंऽऽ... घुर्र... घूंऽऽ... आणि बल्बही त्याच तालात मोठा-बारीक होतो. चोक अर्धा सोडला की दोन आचके देऊन बंद. प्लग नवीन टाकला, ऑइल बरोबर आहे, एअर फिल्टर धुऊन झाला. नाक्यावरचा मेकॅनिक आला, झाकणही न उघडता म्हणाला, "काब्रेटर गेला, नवा टाका."

नव्याचे पैसे मंडळाकडे आहेत. पण नक्की काय बिघडलं ते कळल्याशिवाय वस्तू फेकायला मला जिवावर येतं. मी आजवर बाईकचा प्लग बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. हे मला जमेल का? पेट्रोलचं काम आहे म्हणून भीतीही वाटते. काय काळजी घ्यायची?

---

अनुजा_मुलुंड | २० ऑगस्ट, रात्री ११:०५

टाकीतलं पेट्रोल ११ महिन्यांचं आहे का? तेच बदललं नसेल तर बाकी सगळं नंतर.

---

किकवाला_काका | २१ ऑगस्ट, सकाळी ७:१०

विन्या, परळला ३८ वर्षं गॅरेज चालवलं मी, आता घरी असतो. तू लिहिलेली लक्षणं वाचूनच कळतंय की कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, 'गेलेला' नाही, तुंबलाय.

चोक म्हणजे काय, तर हवेच्या वाटेवरची झडप. ती बंद केली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. इंजिन चोकवरच चालत असेल तर सरळ अर्थ असा की एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. आवाज वर-खाली होतो तोही उपासमारीनंच. इंजिन पडायला लागलं की गव्हर्नर, म्हणजे फेरे सारखे राखणारा भाग, थ्रॉटलची झडप उघडतो, जरा पेट्रोल मिळतं, पळतं, परत उपाशी. अशा वेळी दहातले आठ वेळा दोषी निघतो स्लो जेट, म्हणजे कमी भारावर पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. वर्षभर पेट्रोल वाटीत, म्हणजे कार्बोरेटरच्या तळच्या कप्प्यात, पडून राहिलं की हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. एवढ्याशा भोकाला ती किती पुरणार!

आवाज वर-खाली होतो म्हणून गव्हर्नरच्या स्प्रिंगला अजिबात हात लावायचा नाही. या जातीच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात. स्प्रिंग ताणलीस तर फेरे वाढतील, व्होल्टेज चढेल आणि मखराच्या सगळ्या माळा एका दमात जातील.

जमेल तुला. पण आधी सांग, काम कुठे बसून करणार?

---

पेट्रोलहेड_पार्ले | २१ ऑगस्ट, सकाळी ९:२२

सगळा दोष इथेनॉलचा. ६ फेब्रुवारी २०२३ ला ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, विक्री सुरू झाली आणि आता तर पंपावर साधं पेट्रोल म्हणून बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी पितं, जुन्या रबराचे वायसर फुगवतं, जस्त-अॅल्युमिनियम खातं. आपली छोटी इंजिनं या पेट्रोलसाठी बनलेलीच नाहीत.

---

अनुजा_मुलुंड | २१ ऑगस्ट, सकाळी ९:४०

@पेट्रोलहेड, पाणी ओढण्याचं पटतं, 'सगळा दोष' पटत नाही. आमच्याकडे गवत कापायचं मशीन आहे, तेही कार्बोरेटरचं. दोन वर्षं ई-२० वर चालतंय आणि एकदाही अडलेलं नाही, कारण काम झालं की टाकी रिकामी करते. इथेनॉल यायच्या आधीही वर्षभर ठेवलेलं पेट्रोल राळ धरायचंच. बाबांच्या स्कूटरचं मे महिन्याच्या सुट्टीनंतर दरवर्षी हेच व्हायचं.

---

पेट्रोलहेड_पार्ले | २१ ऑगस्ट, सकाळी ९:५१

मे महिन्यातली हवा आणि मुंबईचा जुलै यांत फरक आहे, ताई. अर्धी टाकी म्हणजे वरची अर्धी जागा दमट हवा. रात्री गार होते, दिवसा तापते, टाकी श्वास घेते. ते पाणी इथेनॉलमध्ये मुरतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल दोन्ही मिळून तळाला जाऊन बसतात. कार्बोरेटरला पहिला घोट त्या तळाचाच जातो.

---

अनुजा_मुलुंड | २१ ऑगस्ट, सकाळी १०:०३

हे मान्य. म्हणजे टाकी अर्धी ठेवू नये यावर आपलं एकमत झालं. :)

---

सावध_सावंत | २१ ऑगस्ट, दुपारी १:१५

सगळे जेटवर बोलताहात, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कुणी वाचलं का? *जिन्याखाली, मीटरच्या कपाटाशेजारी.* अर्धी टाकी पेट्रोल. ११ महिने.

विनय, हात जोडून सांगतो, आज संध्याकाळच्या आत ते यंत्र तिथून हलवा. कारखान्यात सेफ्टीचं काम केलंय, म्हणून हे मनापासून लिहितोय. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, पायरी उतरते, खड्ड्यात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगी पुरते. मीटरच्या कपाटात एखादा सैल फ्यूज तडतडत असतोच. आणि जिना ही इमारतीतून बाहेर पडायची एकमेव वाट. आग तिथे लागली तर वरच्या मजल्यांवरचे लोक उतरणार कुठून?

आणि पेट्रोल कशात साठवता तेही बघा. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत बिनपरवाना ठेवता येतं, पण पेट्रोलियम कायद्यात भांडंही सांगितलंय: घट्ट बुचाचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपर्यंत. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली त्यात बसत नाही.

---

विन्या_विक्रोळी | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

सावंतसाहेब, वाचलं तेव्हा ऑफिसात होतो, पोटात गोळाच आला. मुलं शाळेतून येतात तेव्हा दप्तरं टाकून त्याच जिन्यावर बसतात. आल्या आल्या चौघांनी मिळून जनरेटर उचलला आणि गच्चीच्या पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याच्या छपराखाली ठेवला. पेट्रोलचा कॉक बंद केला. जिन्याखाली पेट्रोलचा वास यायचा, तो आम्हाला सवयीचा झाला होता. आज जागा रिकामी झाल्यावर जाणवला.

काका, काम गच्चीवर करीन. चालेल?

---

किकवाला_काका | २२ ऑगस्ट, सकाळी ६:५५

गच्ची उत्तम. वारा आहे, सावली आहे. आता नीट वाच.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगची टोपी काढून बाजूला बांध, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी ठिणगी पडणार नाही. कॉक बंद. आसपास बिडी-काडी, निरांजन, चालू पंखा, ड्रिल काही नको. मोबाइल फोटोपुरता, तोही वाटी उघडायच्या आधी. हाताशी कोरड्या पावडरचा अग्निशामक नाहीतर वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पाण्यावर तरंगत आग पुढे जाते.

हातात नायट्राइलचे मोजे घाल. आम्ही आयुष्यभर पार्ट पेट्रोलनं धुतले, हात पांढरेफटक व्हायचे, त्याचं कौतुक वाटायचं. त्यात बेंझीन हे विषारी रसायन असतं आणि कातडीतून जातं हे कुणी सांगितलं नाही. तू पेट्रोलनं धुऊ नकोस. कार्ब क्लीनरचा डबा आण आणि डोळ्यांना चष्मा लाव. नंबरचा नाही, बंद बाजूंचा.

वाटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो. खाली काचेची बरणी धरून आधी तो सोड. निघालेलं बघ आणि इथे सांग. मग स्प्रिंग आणि दांड्या जशा लावल्यात तसे चारी बाजूंनी फोटो काढ. स्प्रिंगला दोन भोकं जवळजवळ असतात, नंतर आठवत नाही कुठलं होतं.

जेटला पेचकस बरोबर रुंदीचाच लाव. पितळ मऊ असतं, खाच एकदा सोलली की संपलं.

---

जेट_नं_९० | २२ ऑगस्ट, सकाळी ८:३०

जेटसाठी सेफ्टी पिन बेस्ट. कॉलेजपासून तेच करतोय.

---

किकवाला_काका | २२ ऑगस्ट, सकाळी ८:४१

नाही रे बाबा, पिन नको! जेटच्या भोकाचं माप हेच जेटचं सगळं मोल. पोलादी पिननं आतून एक ओरखडा गेला तरी भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो. मग माणूस म्हणतो, साफ केल्यापासून अॅव्हरेज गेलं. आधी क्लीनरमध्ये भिजव, हवा मार. त्यानं नाही सुटलं तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस, नाहीतर मऊ तांब्याच्या वायरची एक तार. त्यापलीकडे हट्ट करायचा नाही, नवीन जेट आणायचा.

---

जेट_नं_९० | २२ ऑगस्ट, सकाळी ८:५२

काका, अॅव्हरेज खरंच गेलंय माझ्या बाईकचं. आज कळलं. नवीन जेट घेतो.

---

नाखवीण_वर्सोवा | २२ ऑगस्ट, दुपारी ३:२०

आमच्या होडीचं मशीन पेट्रोलचंच, बाहेर लावायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने मशीन घरात. माझे सासरे बंदीच्या आदल्या दिवशी एक काम चुकवत नसत, आता ते मी करते. मशीन पिंपात उभं करून गोड्या पाण्यावर चालवायचं, म्हणजे आतलं खारं पाणी निघून जातं. ते चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची. वाटीतलं शेवटचं पेट्रोल जळून मशीन आपोआप बंद पडलं की समजायचं, पोट रिकामं झालं. तरी ड्रेन सोडून बघायचा, थेंबभर निघतोच.

एका वर्षी घरात लग्न होतं, ते राहून गेलं. बंदी उठल्यावर वाटी उघडली तर आत पांढरं पीठ. अॅल्युमिनियम सडलेलं. होडी किनाऱ्यावर, बाकीचे गेले, आमचा पहिला आठवडा गेला. किनाऱ्यावर बंद पडलं म्हणून बरं, पाण्यात पडलं असतं तर वल्ही मारत येणं भरतीवर अवलंबून.

विन्यादादा, साफ कराच. अवघड नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना शिकला.

---

परळची_पारू | २२ ऑगस्ट, रात्री ८:०२

स्कूटरचा विषय निघालाच आहे तर... बाबा सकाळी स्कूटर आपल्याकडे तिरकी करायचे, क्षणभर तशीच धरायचे, मग किक. मी मागे दप्तर घेऊन उभी. तिरकी का करतात विचारलं तर म्हणायचे, "तिला जाग येते." खरं कारण काय होतं?

---

किकवाला_काका | २२ ऑगस्ट, रात्री ८:२०

रात्रभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल थोडं उडून पातळी उतरायची. तिरकी केली की फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगता तुकडा, हलायचा, पेट्रोलची वाट अडवणारी सुई उघडायची आणि पेट्रोल भरायचं. बाबांचं उत्तरही चूक नाही, जागच यायची.

---

मोहिनी_सिस्टर | २३ ऑगस्ट, पहाटे ५:४०

नाइट ड्युटी संपवून लिहितेय. दुरुस्तीतलं मला कळत नाही, पण यंत्र सुरू झाल्यावर काय होतं ते मी पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी पावसात वीज गेली म्हणून एका दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढून आत छोटा जनरेटर लावला. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. आमच्याकडे तिघांना आणलं. दोघं वाचले. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ९८ दाखवत होतं. ते मशीन फसतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं रक्ताला चिकटतो. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं दमलोय, आणि तो आडवा होतो.

म्हणून विनयदादा, मंडपात रात्री राखणीला जी मुलं झोपतात, त्यांची मला काळजी आहे. मंडपाला तिन्ही बाजूंनी ताडपत्री, मागच्या बोळात जनरेटर, धूर थेट आत. दारं, खिडक्या, मंडप, सगळ्यांपासून वीस फूट तरी लांब ठेवा आणि धुराचं तोंड मोकळ्या बाजूला. पाऊस आला म्हणून आत ओढू नका. तळमजल्यावर कुणाची खिडकी उघडते तेही बघा. कुणाचं डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, जनरेटर बंद करायला मागे फिरू नका, आणि सरळ रुग्णालय गाठा.

---

सावध_सावंत | २३ ऑगस्ट, सकाळी ८:१२

सिस्टर, तुमची पोस्ट छापून आमच्या मंडळाच्या फलकावर लावतोय. परवानगी असावी.

---

मोहिनी_सिस्टर | २३ ऑगस्ट, दुपारी ४:०५

जरूर लावा.

---

विन्या_विक्रोळी | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

झालं! सविस्तर लिहितो, कारण असा धागा मला आधी मिळाला असता तर भीती अर्धी झाली असती.

ड्रेन सोडल्यावर बरणीत जे आलं ते पेट्रोल म्हणवत नव्हतं. चहाच्या रंगाचं, आणि वास जुन्या वार्निशसारखा. बरणी उजेडात धरली तर तळाला एक वेगळा थर, वरच्यात न मिसळणारा. बरणी तिरकी केली की तो थर काचेच्या गोटीसारखा सरकायचा. पेट्रोलहेड, तुमचं पाणी सापडलं.

वाटी एका बोल्टवर होती, दहाच्या पान्यानं सुटली. आत तळाला हिरवट-तपकिरी साय. नखानं खरवडली तर गुळाच्या पाकासारखी तार. फ्लोटची पिन बोटानं ढकलून काढली, सुई हातात आली. सुईच्या टोकाचं रबर ठीक होतं. मेन जेट निघाला, त्याच्यावरची भोकाभोकांची नळी आपोआप खाली पडली. ती आहे हेच मला माहीत नव्हतं, खाली ताट ठेवलं होतं म्हणून वाचली. मेन जेट उजेडाला धरला तर गोल उजेड दिसत होता. स्लो जेट धरला तर अंधार.

रबर आणि फ्लोट बाजूला काढून क्लीनर मारला. इथे एक सांगतो: एका भोकात फवारा मारला आणि तो दुसऱ्याच भोकातून सरळ तोंडावर आला. काकांनी सांगितलेला चष्मा नसता तर डोळ्यात गेला असता. स्लो जेट दोनदा भिजवला, तरी अंधार. मग नायलॉनचा केस. तिसऱ्या वेळी काहीतरी बारीक 'टक्' झालं आणि पलीकडे टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. मी गच्चीवर एकटाच ओरडलो.

टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल घातलं. वाटीचं पॅकिंग फुगलं होतं, नवीन नागदेवी स्ट्रीटला मिळालं, जुनं दाखवूनच. कॉक उघडून दहा मिनिटं नुसता बसलो, कुठे ओलं होतंय का बघत. मग दोरी. तिसऱ्या ओढीला लागला, आणि चोक सोडला तरी आवाज सरळ रेषेत!

जुनं पेट्रोल साडेतीन लिटर आहे, त्याचं काय करू?

---

सावध_सावंत | २३ ऑगस्ट, रात्री १०:१०

अभिनंदन! जुनं गटारात मुळीच ओतू नका. वाफ गटारातून चार इमारती पलीकडे निघते. धातूच्या डब्यात घट्ट बंद करून, त्यावर ठळक लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. धोकादायक कचऱ्याची सोय त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारा. पाणी मिसळलेलं आहे, तेव्हा कुणाच्या गाडीत घालू नका.

---

हिंदमाता_सर्व्हायव्हर | २५ ऑगस्ट, रात्री ११:३०

थोडं विषयांतर. काल हिंदमाताला रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात माझी जुनी कार्बोरेटरवाली बाईक बंद पडली, सायलेन्सर पूर्ण बुडाला होता. किक मारू का?

---

किकवाला_काका | २६ ऑगस्ट, सकाळी ६:४५

थांब, किक नको! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढ, मगच हळू किक मारून पाणी बाहेर पडू दे. एअर फिल्टरचा डबा उघडून बघ. वाटीचा ड्रेन सोडून पाणी काढ. इंजिन ऑइल बघ, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय सुरू करायची नाही.

---

हिंदमाता_सर्व्हायव्हर | २६ ऑगस्ट, रात्री ९:०५

ऑइल चहाच होतं, काका. बदललं, वाटीतून अर्धा कप पाणी निघालं. लागली बाईक. खूप आभार.

---

विन्या_विक्रोळी | ३० ऑगस्ट, रात्री १०:१५

मंडळी, आनंद टिकला नाही. आज दहीहंडीच्या लाइटची तालीम म्हणून गच्चीवर लावला. पंचवीस मिनिटं सुंदर चालला आणि मग मिणमिणत बंद. पुन्हा दोरी मारली, नाही. पाऊण तासानं मारली, लगेच लागला! पुन्हा पंचवीस मिनिटं, पुन्हा बंद. माझ्या हातून काही चुकलं का?

---

जेट_नं_९० | ३० ऑगस्ट, रात्री १०:२२

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू. ठिणगी देणारी कॉइल आहे ही, शंभर टक्के.

---

पेट्रोलहेड_पार्ले | ३० ऑगस्ट, रात्री १०:३१

किंवा ऑइल कमी असेल. बऱ्याच जनरेटरना ऑइल उतरलं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो.

---

विन्या_विक्रोळी | ३० ऑगस्ट, रात्री १०:४०

ऑइल मोजायच्या काडीवर बरोबर आहे. कॉइलचं महागात जाईल.

---

किकवाला_काका | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

कॉइल घेऊ नकोस अजून. कॉइल गेली तर इंजिन तोंड दाबल्यासारखं खाडकन बंद होतं. तू 'मिणमिणत' लिहिलंस, म्हणजे उपासमार. खात्री करायचा उपाय आहे. परत बंद पडला की पंधरा मिनिटं गार होऊ दे, प्लगची टोपी काढ, बरणी धरून वाटीचा ड्रेन सोड. कॉक उघडा ठेव. वाटीभर येऊन धार चालू राहिली तर पेट्रोल पोचतंय, मग ठिणगी बघू. दोन चमचे येऊन थांबलं तर वाट अडलीय. आणि पोरांनी टाकीला रंग दिला म्हणालास, तो टाकीच्या झाकणालाही दिला का?

---

विन्या_विक्रोळी | ३१ ऑगस्ट, रात्री ९:२०

काका!

ड्रेन सोडला. दोन चमचे आले, चार थेंब आले, थांबलं. कॉक उघडा, टाकी पाऊण भरलेली, तरी थांबलं. एका हातानं बरणी धरून दुसऱ्या हातानं टाकीचं झाकण हळूच सैल केलं. *सूऽऽस्स* असा हवा आत जायचा आवाज, आणि त्याच क्षणी बरणीत करंगळीएवढी धार सुरू!

झाकणाच्या मधोमध हवेचं बारीक भोक असतं. त्यावर शेंदरी ऑइलपेंटचा थेंब सुकून बसला होता. पेट्रोल खाली जायचं, वरून हवा येत नव्हती. ज्यानं रंग दिला तो आमचा यश खाली मान घालून उभा होता. मी म्हटलं, अरे, तुझ्यामुळे आज आपण दोघं काहीतरी शिकलो. मग झाकण बाहेर काढून त्यानंच रंग सोडवला, भोक फुंकून बघितलं. त्यानंतर दोन तास चालवला, न थांबता.

---

परळची_पारू | ३१ ऑगस्ट, रात्री ९:२८

आजीच्या तेलाच्या डब्याला म्हणून दोन भोकं पाडायचे! एक तेलाला, एक हवेला.

---

जेट_नं_९० | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३५

'शंभर टक्के' परत घेतो. काका, दंडवत.

---

अनुजा_मुलुंड | १ सप्टेंबर, सकाळी ९:००

आता विसर्जनानंतर कसा ठेवणार तेही ठरवा. माझं मत: टाकी आणि वाटी दोन्ही कोरडी.

---

पेट्रोलहेड_पार्ले | १ सप्टेंबर, सकाळी ९:३०

पत्र्याची टाकी रिकामी ठेवली तर मुंबईत गंज चढतो. आणि तो गंज पुढच्या वर्षी सुईत अडकतो, कार्बोरेटर ओव्हरफ्लो. काठोकाठ भरून ठेवणं बरं, हवेला जागाच नको.

---

सावध_सावंत | १ सप्टेंबर, सकाळी ९:४८

वस्ती असलेल्या इमारतीत वर्षभर काठोकाठ भरलेली पेट्रोलची टाकी? मला मान्य नाही.

---

नाखवीण_वर्सोवा | १ सप्टेंबर, दुपारी २:१०

नारळी पौर्णिमेच्या गडबडीत आठवडाभर इकडे आलेच नव्हते, आता सगळं वाचलं. आमच्याकडे दोन्हीच्या मधलं करतात. टाकी रिकामी करायची, उन्हात झाकण उघडून कोरडी करायची, मग पळीभर इंजिन ऑइल आत घालून टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची. पत्र्याला तेलाचा हात लागला की गंज धरत नाही. वापरायच्या आधी ते तेल ओतून टाकून थोड्या पेट्रोलनं विसळायची. वाटी मात्र कोरडीच. आणि महिन्यातून एकदा दोरी हळू ओढून पिस्टन हलवून ठेवायचा.

---

किकवाला_काका | १ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

ताईंचं बरोबर. मी यात एकच भर घालीन. कार्बोरेटर कधी ओव्हरफ्लो झाला तर सुरू करण्याआधी ऑइलची काडी काढून वास घ्या. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल सिलिंडरमार्गे खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली दिसते, वास येतो. तसं ऑइल पातळ होऊन इंजिन खातं, आणि त्याची वाफ पेटूही शकते. ऑइल बदलूनच दोरीला हात लावायचा.

---

विन्या_विक्रोळी | ६ सप्टेंबर, सकाळी ११:१०

काल दहीहंडी झाली. जनरेटर मंडपापासून तीस फुटांवर, मैदानाच्या कडेला, धुराचं तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी सहा ते साडेनऊ चालला. मध्ये एकदा पेट्रोल भरायला बंद केला, वीस मिनिटं गार होऊ दिला. लोक "लवकर लावा" म्हणत होते, यशनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

सिस्टर, राखणीच्या मुलांची गादी आता मंडपाच्या पुढच्या, उघड्या बाजूला घातलीय. काका, गणपतीत एक दिवस विक्रोळीला या, आरतीचं ताट तुमच्या हातात द्यायचंय. आणि यश विचारतोय की त्याच्या मामाच्या दोन-स्ट्रोक फवारणी पंपाचा कार्बोरेटर वेगळा असतो का. त्याला वाटी दिसत नाहीये.

---

किकवाला_काका | ६ सप्टेंबर, दुपारी १२:०५

येतो. गौरी गेल्या की. यशला सांग, त्याला वाटी नसतेच, पातळ पडदा असतो, म्हणून तो आडवा-तिडवा धरला तरी चालतो. पंप घेऊन ये म्हणावं, तेव्हाच उघडू. पेट्रोल आधी काढून ठेवायला लाव.